दीडशे कोटींतून एक

लखनौहून कानपूरच्या रस्त्याला लागलं की चाळीसेक किलोमीटरवर उन्नाव जिल्ह्यातलं नवाबगंज येतं. महामार्गाला लागूनच तलाव आणि त्याभोवती पक्षी अभयारण्य. सुमारे २२५ हेक्टरांचं हे पाणथळ २०१९ मध्ये रामसर यादीत गेलं. डिसेंबरातल्या एका सकाळी मी तिथे होतो. धुकं पातळ होत आलं होतं आणि पलीकडच्या काठावर सारसांची जोडी उभी होती.

कॅमेऱ्याची डायल मी ‘यू’वर फिरवली. त्या जागी आदल्या रात्रीच सारसासाठीची सेटिंग्ज साठवून ठेवली होती: शटर स्पीड १/१२५, आयएसओ १६००, फोकसचा चौकोन अगदी लहान. सारस एका पायावर उभे, प्रकाश कमी, त्यामुळे तेच योग्य होतं आणि फोटो चांगले येत होते. तेवढ्यात डाव्या हाताला, पाण्यापासून तीनेक मीटर उंचीवर, एक कवड्या खंड्या येऊन हवेतच थांबला. पंखांची फडफड, मान स्थिर, चोच खाली. मी कॅमेरा वळवला, तो चौकटीत सापडला, बटण दाबलं आणि त्याच क्षणी त्याने सूर मारला. सात फोटो निघाले. पहिल्या दोनांत काळ्या-पांढऱ्या रंगाचा एक फराटा, उरलेल्या पाचांत नुसतं पाणी.

तीन मीटरांवरून सोडलेली वस्तू ०.७८ सेकंदात खाली येते आणि पाण्याला टेकताना तिचा वेग सेकंदाला साडेसात मीटरांच्या वर गेलेला असतो. त्या वेगाने १/१२५ सेकंदात पक्षी सहा सेंटिमीटर सरकतो. कवड्या खंड्याची लांबी चोचीपासून शेपटीपर्यंत २५ सेंटिमीटर, म्हणजे स्वतःच्या अंगाच्या चौथ्या हिश्शाइतका तो त्या एकेका फोटोत फासला जातो. शटर १/२००० वर असतं तर हेच सरकणं चार मिलिमीटरांच्या आत आलं असतं आणि चोचीपासून पंखाच्या टोकापर्यंत पक्षी ओळखू आला असता. त्या पाऊण सेकंदात मेन्यू उघडून शटर बदलणं कोणालाच शक्य नाही. जे ठरायचं ते आदल्या रात्रीच ठरलेलं असतं.

मग आदल्या रात्री मी किती शक्यतांमधून निवड करत होतो? घरी आल्यावर कागद घेऊन बसलो आणि मोजत गेलो.

सुपरझूम कॅमेरा म्हणजे लेन्स न बदलता येणारा, पण एकाच लेन्समध्ये अख्खी इमारत आणि त्या इमारतीच्या कंगोऱ्यावर बसलेला पोपट, दोन्ही टिपणारा कॅमेरा. निकॉनचा पी९०० हा २०१५ साली ८३ पट झूम घेऊन आला, २०१८ मध्ये पी१००० हा १२५ पट घेऊन. या जातीच्या कॅमेऱ्यात साधारण काय काय बदलता येतं ते मी ओळीने लिहिलं. शटर एक सेकंदापासून १/२००० पर्यंत, एक-तृतीयांश स्टॉपच्या पायऱ्यांनी: ३४ जागा. आयएसओ १०० ते ६४००: ७ जागा. गुणाकार २३८. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत: १३. आकडा झाला ३,०९४. व्हाइट बॅलन्सचे ८ पर्याय धरले की २४,७५२. मीटरिंगचे ३, फोकसच्या चौकटीचे ६, फोकसच्या पद्धतीचे २. इथेच आठ लाख ९१ हजार झाले. बर्स्टचे ४, स्थिरीकरणाचे ३, रंगछटांचे ४, फोटोच्या दर्जाचे ३, आवाज कमी करण्याचे ३ (आवाज म्हणजे फोटोतले दाणे), सावल्या उजळण्याचे ४. तेरा ओळी झाल्या. शेवटच्या ओळीखाली रेघ मारली तेव्हा उत्तर आलं १,५३,९७,७२,४१६.

एकशे त्रेपन्न कोटी सत्त्याण्णव लाख बहात्तर हजार चारशे सोळा. आज भारतात जितकी माणसं आहेत त्याहून जास्त. प्रत्येक भारतीयाला एकेक वेगळी मांडणी वाटली तरी काही कोटी शिल्लक राहतील. दर सेकंदाला एक या वेगाने, झोप-जेवण सोडून, सगळ्या वापरून बघायच्या म्हटल्या तर पावणेएकोणपन्नास वर्षं लागतील. आणि यात झूम धरलेलंच नाही, कारण ते पायऱ्यांनी सरकत नाही, वाहत जातं. एखाद्या कॅमेऱ्यात एखादा पर्याय कमी, दुसऱ्यात जास्त असेल. आकडा बदलेल, त्याचा आवाका बदलणार नाही.

हा कागद मी आत्याला दाखवला. आत्या लग्न होऊन लखनौला आली त्याला पन्नास वर्षं झाली. कैसरबागेतल्या भातखंडे संगीत महाविद्यालयात ती गाणं शिकली. विष्णु नारायण भातखंडे म्हणजे मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेला मराठी वकील. गाण्यापायी त्यांनी वकिली सोडली आणि १९२६ मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक उभं केलं. आज ते विद्यापीठ आहे, भातखंडे यांच्याच नावाचं. आत्याने चष्मा लावून आकडा वाचला आणि म्हणाली, “अरे, हे तर थाटांचं गणित आहे. पहिल्या वर्षाला पाठ करायला लावलं होतं आम्हाला.”

ते गणित असं. सतराव्या शतकात व्यंकटमखींनी ‘चतुर्दंडिप्रकाशिके’त बारा स्वरांतून ७२ मेळ, म्हणजे थाट, मांडले. एका मेळातून आरोह-अवरोहात पाच (औडव), सहा (षाडव) किंवा सात (संपूर्ण) स्वर घेऊन राग किती निघतात? संपूर्ण-संपूर्ण १, संपूर्ण-षाडव ६, संपूर्ण-औडव १५, षाडव-संपूर्ण ६, षाडव-षाडव ३६, षाडव-औडव ९०, औडव-संपूर्ण १५, औडव-षाडव ९०, औडव-औडव २२५. बेरीज ४८४. त्याला ७२ ने गुणलं की ३४,८४८.

“आणि आत्या, गातात किती?”

“मैफलीत गातो ते शंभर-दीडशे धर. बाकीचे कागदावरच. भातखंड्यांनी गावोगाव फिरून, उस्तादांच्या दारात बसून काय खरंच गायलं जातंय ते ऐकलं. मग बहात्तरांतले दहा ठेवले.”

बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. दहा. उरलेले बासष्ट मेळ काही चुकीचे नव्हते, पण उत्तरेत जे गायलं जात होतं त्यासाठी त्यांची गरज पडत नव्हती. माझ्या दीडशे कोटींचंही तसंच आहे. त्यातल्या बहुतेक मांडण्यांतून काळाकुट्ट किंवा पांढराफटक फोटो निघेल, पुष्कळ एकमेकींसारख्याच निघतील. कामाच्या किती आणि त्यातली आपल्याला लागणारी कोणती, हे गुणाकार सांगत नाही. ते पक्ष्यांत हिंडूनच कळतं, भातखंड्यांना उस्तादांत हिंडून कळलं तसं.

फरक एवढाच की भातखंड्यांनी दहा ठेवले, आपल्या हातातला कॅमेरा बहुधा एक ठेवू देतो. निकॉनच्या या कॅमेऱ्यांत डायलवर ‘यू’ ही एकच जागा. कॅननच्या एसएक्स५० एचएसवर ‘सी१’ आणि ‘सी२’ अशा दोन. सोनीच्या आरएक्स१० मालिकेत ‘एमआर’. म्हणजे निवड आहे दीडशे कोटींतून एकाची, फार तर दोन-तिनांची. म्हणून ती जागा कोणाला द्यायची हा प्रश्न मला कॅमेरा कोणता घ्यायचा यापेक्षा मोठा वाटतो.

आता झूमकडे वळू, कारण आकडे खरे तिथे डोळे फिरवतात.

पी१००० चं झूम २४ ते ३००० मिलिमीटर असं लिहिलेलं असतं, पण ती ३५ मिलिमीटर फिल्मच्या भाषेतली समान किंमत. लेन्सची खरी फोकल लांबी ४.३ ते ५३९ मिलिमीटर. इतक्या लहान लेन्सने एवढी मजल मारता येते ती सेन्सर लहान असल्यामुळे. ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटर, तुरीच्या डाळीच्या एका दाण्याएवढा. त्या दाण्यावर एक कोटी ६० लाख पिक्सेल बसवलेले आहेत, दर चौरस मिलिमीटरला साडेपाच लाखांच्या वर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे पन्नासेक पिक्सेल शेजारी शेजारी मावतील. मोठ्या, ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर खरोखरच ३००० मिलिमीटरची एफ/८ लेन्स लावायची झाली तर तिच्या तोंडाचं भिंग ३७५ मिलिमीटर रुंद लागेल, पोळपाटाहून मोठं. इथे ते ६७ मिलिमीटरमध्ये भागतं आणि सगळा कॅमेरा दीड किलोच्या आत बसतो.

पूर्ण झूमला चौकटीची रुंदी ०.६६ अंश आणि उंची ०.४८ अंश. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे तो उंचीत पुरता मावतही नाही. एका जागी उभं राहून क्षितिजाची एक फेरी पूर्ण करायला असे ५४९ फोटो लागतील. डोक्यावरचं सगळं आकाश झाकायला सुमारे ६५,०००. आणि झूम पूर्ण मागे घेतल्यावर जी रुंद चौकट दिसते तिच्यात या लहान चौकटी किती? १२५ गुणिले १२५, म्हणजे १५,६२५. झाडीत शिंजीर दिसतो, आपण झूम ताणतो आणि पडद्यावर नुसती पानं येतात. याचं कारण हेच. १५,६२५ खोल्यांच्या वाड्यात आपण एका खोलीचं दार उघडलेलं असतं आणि पक्षी शेजारच्या खोलीत असतो. लेन्सच्या बाजूला स्नॅप-बॅकचं बटण असतं, ते दाबून धरलं की झूम तात्पुरतं मागे येतं, सोडलं की परत पुढे जातं. पक्षी हरवला की कॅमेरा हलवू नका, ते बटण दाबा. माझ्या मते सगळ्या कॅमेऱ्यात याहून उपयोगी दुसरं बटण नाही.

लखनौच्या परिसरात एकाच सकाळी जे दोन पक्षी हमखास समोर येतात त्यांच्यावर हा हिशेब लावून बघण्यासारखा आहे. शिंजीर, म्हणजे जांभळा सूर्यपक्षी: १० सेंटिमीटर लांब, वजन सात-आठ ग्रॅम. रेसिडेन्सीच्या भग्न भिंतींमधल्या फुलझाडांवर तो दिसतो. आणि सारस: उभा असला की १.७ मीटर, वजन सहा-सात किलो. एकाचं वजन दुसऱ्याच्या आठ-नऊशे पट. पूर्ण झूमला सारसाने चौकटीची अर्धी उंची व्यापावी असं वाटत असेल तर तो ४०० मीटरांवर उभा असलेला चालतो. शिंजिराने अर्धी रुंदी व्यापावी तर तो साडेसतरा मीटरांवर हवा. ४०० मीटर किती? लखनौच्या बड्या इमामबाड्याचं मुख्य दालन, ज्याच्या छताला एकही तुळई नाही, ते पन्नास मीटर लांब आहे. तशी आठ दालनं एकापुढे एक ठेवली आणि पहिल्याच्या दाराशी आपण उभे राहिलो, तर आठव्याच्या टोकाला उभा असलेला सारस अर्धी चौकट भरेल. साध्या चौकटीत तेवढाच दिसायला तो सव्वातीन मीटरांवर यावा लागला असता.

एवढ्या लांबवर हात किती हलतो? अंशाचा शंभरावा भाग हात हलला तर चित्र ७० पिक्सेल सरकतं. जुना दंडक असा की हातात धरून फोटो काढताना शटर फोकल लांबीच्या व्यस्त ठेवावं, म्हणजे इथे १/३०००. स्थिरीकरण पाच स्टॉप वाचवतं, म्हणजे ३००० भागिले ३२, जेमतेम १/१००. नवाबगंजला सारसासाठी मी १/१२५ ठेवलं होतं ते या हिशेबाने. स्थिरीकरण मात्र आपला हात थांबवतं, पक्षी थांबवत नाही. खंड्याने मला ते शिकवलं.

आता प्रकाश. भर उन्हात एफ/८ आणि १/५०० ला आयएसओ १०० पुरतो. १/२००० हवं तर ४००. धुकं असेल, ऊन झाकलेलं असेल तर प्रकाश आठपट खाली येतो आणि त्याच १/२००० ला आयएसओ ३२०० लागतो. सूर्योदयाच्या सुमारास प्रकाश उन्हाच्या चौसष्टाव्या हिश्शावर असतो. तेव्हा १/२००० ला २५,६०० हवा, जो या कॅमेऱ्यांत नाहीच. म्हणून पहाटे उडता पक्षी पूर्ण झूमवर टिपण्याचा हट्ट सोडावा. झूम जरा मागे घेतलं की लेन्सचं छिद्र मोठं होतं, प्रकाश वाढतो आणि पक्षीही चौकटीत सापडतो.

आयएसओ वाढवल्यावर दाणे का दिसतात याचा ढोबळ हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो होतो. सारसाच्या करड्या पिसावरून निघून एका पिक्सेलवर आयएसओ १०० ला प्रकाशाचे साधारण १६०० कण पडतात. आयएसओ १६०० ला जेमतेम १००. हे कण मोजून-मापून येत नाहीत, पावसाच्या थेंबांसारखे येतात, कुठे चार जास्त, कुठे चार कमी. १६०० असतील तर चढउतार त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे ४०, अडीच टक्के. १०० असतील तर १०, म्हणजे दहा टक्के. शेजारशेजारच्या दोन पिक्सेलांत दहा टक्क्यांचा फरक पडला की पीस गुळगुळीत दिसायचं सोडून वाळूसारखं दिसतं. आपण ज्याला फोटो फुटला म्हणतो तो असा फुटतो. एका पिक्सेलच्या वाट्याला शंभर कण. देवळातल्या दानपेटीतल्या नाण्यांसारखे मोजता येतील इतके.

आणि ते येतात कुठून? सूर्यापासून, १५ कोटी किलोमीटर, ५०० सेकंदांचा प्रवास करून. तो सगळा प्रवास बिनबोभाट होतो. बिघडतो तो शेवटच्या शंभर मीटरांत, सारसाच्या पिसापासून आपल्या भिंगापर्यंत. १०० मीटरांवर हा सेन्सर कागदोपत्री पाव मिलिमीटर टिपू शकतो, पण ६७ मिलिमीटरच्या भिंगातून प्रकाशाच्या स्वभावामुळे एक मिलिमीटरच्या खालचं काही वेगळं दिसत नाही. त्यात जमीन तापली की हवा उकळल्यासारखी हलते आणि तो एक मिलिमीटरही हातचा जातो. मार्चनंतर लखनौच्या आसपास सकाळी नऊ-साडेनऊलाच हे सुरू होतं. या लहरींवर मेन्यूत उपाय नाही. दीडशे कोटींतली एकही मांडणी त्यांना शांत करत नाही. उपाय एकच, लवकर उठणं.

शिवाय एक हिशेब आहे, जो मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. दिवसभरात मी हजार फोटो काढले आणि प्रत्येकाचं शटर १/१००० होतं असं धरलं, तर पहाटे पाचला निघून संध्याकाळी परतेपर्यंत माझा कॅमेरा एकूण किती वेळ उघडा होता? एक सेकंद. वर्षात अशा पन्नास खेपा, दहा वर्षं, म्हणजे पाच लाख फोटो, आणि सगळ्यांचा मिळून उघडा वेळ ५०० सेकंद. सूर्याचा एक किरण इथवर यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. दहा वर्षांच्या पहाटा, थंडी, बोटांना आलेला बधिरपणा, आणि हाती लागलेला खरा काळ आठ मिनिटं वीस सेकंद. त्यातला खंड्याचा वाटा सात गुणिले १/१२५, म्हणजे ५६ हजारांश सेकंद, आणि तो मी घालवला.

म्हणून माझं मत आता पक्कं आहे. साठवायची जागा एकच असेल तर ती उडत्या पक्ष्याला द्या.

बहुतेक जण, मीही त्यांतलाच होतो, तिथे बसलेल्या पक्ष्याची मांडणी ठेवतात, कारण बसलेल्या पक्ष्याचेच फोटो जास्त निघतात. पण बसलेला पक्षी वेळ देतो. सारस दहा मिनिटं एका जागी उभा असतो, पिंगळा तासभर ढोलीच्या तोंडाशी बसून असतो. त्यांच्यासाठी मेन्यूत जाऊन पंधरा सेकंद घालवले तरी बिघडत नाही. शिवाय पी१००० सारख्या कॅमेऱ्यात डायलवर पक्ष्याचं चित्र असलेली स्वतंत्र जागा कंपनीनेच दिली आहे, बसलेल्या पक्ष्याला ती पुष्कळदा पुरते. सेकंदाला साडेसात मीटर वेगाने जाणारा पक्षी मात्र त्या पंधरा सेकंदांत शंभर मीटरांच्या पलीकडे गेलेला असतो. जिथे वेळ नाही तिथेच आधी ठरवून ठेवलेलं कामाला येतं.

माझ्या ‘यू’वर आता हे आहे. शटर प्रायॉरिटी, १/२०००. आयएसओ आपोआप, पण वरची मर्यादा कॅमेरा देईल ती, कारण दाणेदार खंड्या फरपटलेल्या खंड्यापेक्षा केव्हाही बरा. फोकसची चौकट मधोमध पण जरा मोठी, कारण झूम ताणलेलं असताना लहान चौकोनात उडता पक्षी टिकत नाही. फोकस सतत चालणारा. वेगवान बर्स्ट. या कॅमेऱ्यांचा बर्स्ट सेकंदाला सात आणि एकूण सातच फोटोंचा, त्यानंतर कार्डावर लिहिताना कॅमेरा काही वेळ अडून राहतो, तेव्हा पक्षी सुटल्यावरच बटण दाबायचं, आधी नाही. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दोन-तृतीयांश. नवाबगंजला बगळे, चमचे, करकोचे असे पांढरे पक्षी गर्द पाण्यावर उडतात आणि कॅमेरा पाण्याचा अंधार बघून त्यांना पार धुऊन काढतो. कोतवालासारख्या काळ्या पक्ष्याला हे उलटं लागेल, पण तो तारेवर बसून वाट बघतो, त्याला वेळ आहे. आणि झूम शेवटाला न्यायचं नाही. काही कॅमेऱ्यांत सेटिंग्ज साठवताना झूमची त्या वेळची जागाही साठते, ती सोय वापरून मी ते अर्ध्याच्या अलीकडे ठेवलं आहे.

जानेवारीत गोमतीवर, कुडिया घाटाच्या पायऱ्यांवर बसून हीच मांडणी पुन्हा आजमावली. तासाभरात खंड्याने नऊ वेळा सूर मारला. आठ वेळा तो चौकटीत सापडलाच नाही. नवव्या वेळी सापडला आणि सातांतल्या तिसऱ्या फोटोत चोच पाण्याला टेकण्याआधीची आहे, डोळ्यावरची पापणीही ओळखता येते. पंखांच्या टोकांना दाणे आहेत. मला चालतात.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी मात्र सारसाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. उत्तर प्रदेशचा तो राज्यपक्षी. राज्याच्या वनखात्याच्या अलीकडच्या गणनांत त्याची संख्या सतरा हजारांच्या पुढे आहे. लखनौहून कोणत्याही दिशेला निघा, भाताच्या किंवा गव्हाच्या शेतात जोडी दिसते आणि शेतकरी तिच्याकडे वळूनही बघत नाही. आपल्याकडे तो उरला आहे मुख्यतः गोंदियात आणि थोडा भंडाऱ्याकडे, तीस-चाळीसच्या आसपास. तिथल्या एका घरट्यामागे उत्तर प्रदेशात शेकड्याने घरटी आहेत. इथे एखादी जोडी फोटोवाल्यांना दचकून घरट्यावरून उठली तर सतरा हजारांतल्या दोघांचं नुकसान होतं. गोंदियात तेच झालं तर राज्यातल्या सारसांचा विसावा हिस्सा त्या दिवशी अंड्यांवरून उठलेला असतो. तेव्हा ज्याच्या हातात १२५ पट झूम आहे त्याने भाताच्या बांधीत उतरू नये. चारशे मीटरांचा हिशेब वर दिला आहे, रस्त्यावरूनच भागतं.

शेवटची एक सूचना, अगदी साधी. काही कॅमेऱ्यांत साठवलेली सेटिंग्ज आतल्या घड्याळाच्या बॅटरीवर टिकून असतात. कॅमेरा बराच काळ पडून राहिला आणि ती उतरली की तारखेबरोबर ‘यू’ही पुसला जातो, आणि आपण पुन्हा दीडशे कोटींच्या दाराशी येऊन उभे राहतो. म्हणून आपली मांडणी कागदावर लिहून पिशवीत ठेवा. माझ्या पिशवीतल्या कागदावर तेरा ओळी आहेत, आत्याच्या अक्षरात, कारण तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. पहिली ओळ आहे: शटर १/२०००.